शंभर देठांची जुडी

लॅव्हेंडर कापायचं ते फुलं पूर्ण उमलायच्या आत. तुऱ्यावरची साधारण एक तृतीयांश फुलं उघडलेली आणि बाकी अजून कळ्याच, अशी वेळ गाठावी लागते. सकाळचं दव सुकलेलं हवं, पण ऊन चढलेलं नको. डाव्या मुठीत देठ गोळा करायचे, उजव्या हातानं विळा खालून ओढायचा आणि जुडीला लगेच रबर चढवायचं. कापणी सांभाळणाऱ्या सिस्टरनी मला एवढंच शिकवलं आणि वर एक आकडा दिला: जुडी शंभर देठांची. मोजायचे नाहीत, अंदाज अंगठ्याला आला पाहिजे.

माझ्या अंगठ्याला तो येईना. माझ्या जुड्या कधी मंडईतल्या मेथीच्या जुडीसारख्या गुबगुबीत, कधी अगदीच काटकुळ्या. सिस्टर जाता जाता त्या उचलत, मुठीत तोलत, दोन-चार देठ काढत किंवा घालत आणि पुन्हा म्हणत, "शंभर." रागावून नाही. पण सोडूनही देत नसत.

सुतळीनं का बांधत नाहीत, हे मी विचारलं. सुकताना देठ आकसतात, सुतळी आकसत नाही. मग छताला उलटी टांगलेली जुडी सैल होते आणि मधले देठ एकेक करून खाली येतात. रबर मात्र त्यांच्याबरोबर आवळत जातं.

मी खरं तर लॅव्हेंडर बघायला गेलेच नव्हते. पंडिता रमाबाई आणि सिस्टर जेराल्डीन यांचा पत्रव्यवहार वाचत होते. रमाबाई १८८३ साली इंग्लंडात वॉन्टेजच्या मठात राहिल्या, बाप्तिस्मा तिथेच घेतला, आणि पुढे त्याच सिस्टरांशी त्यांचे खटके उडत राहिले. चर्च सांगतं म्हणून मानायचं की स्वतःला पटलं तरच, हा वाद. पुण्याला पंचहौद मिशनात आलेल्या सिस्टर याच वॉन्टेजच्या. पत्रं वाचताना मी अर्थातच रमाबाईंच्या बाजूनं. तरी जेराल्डीनबाईंचा विचार मनातून जाईना. आज्ञापालनाची शपथ घेऊन जन्म काढणाऱ्या या बायका दिवसभर करतात तरी काय?

मी राहते नॅशव्हिलला. तिथून दीडेक तासावर, टेनेसीतल्या कंबरलँड पठारावर सेवानी नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ तिथली, एपिस्कोपल चर्चच्या मालकीची. एपिस्कोपल म्हणजे अमेरिकेतले अँग्लिकन. प्रॉटेस्टंटांत आणि नन्स, असं ऐकून आपल्याकडे भुवया उंचावतात. त्यांच्यातही तेव्हा उंचावल्या होत्याच. आठव्या हेन्रीनं इंग्लंडातले मठ मोडले ते सोळाव्या शतकात, आणि अँग्लिकन बायकांनी पुन्हा मठ उभे केले ते थेट १८४०च्या दशकात. अमेरिकेत हॅरिएट कॅनन आणि त्यांच्या सोबतिणींनी न्यूयॉर्कला १८६५ साली बिशपांसमोर व्रत घेतलं आणि 'कम्युनिटी ऑफ सेंट मेरी' सुरू झाली. सेवानीचा मठ हा तिच्या दक्षिणेकडच्या शाखेचा. पूर्वी इथे सिस्टर डोंगरातल्या मुलींसाठी शाळा चालवत. ती बंद झाली. आता त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत, आणि लॅव्हेंडर आहे.

हे झाड मूळचं भूमध्य समुद्राकाठचं. त्याला हवी कोरडी हवा, चुनखडीची जमीन आणि निचरा. इथे खाली वालुकाश्म, वर आंबट माती आणि जून-जुलैत अंगाला चिकटणारी दमट हवा. मग मातीत चुना घाला, वाफे उंच करा, नाहीतर मुळं कुजलीच. शहाण्या शेतकऱ्यानं या जागेवर दुसरं काहीतरी लावलं असतं, असं मला वाटलं. बोलले नाही. वासाचंही तसंच. साबणासारखा गोड वास येईल अशी माझी समजूत होती. ताज्या कापलेल्या देठाचा वास तिखट असतो, त्यात चक्क कापूर असतो. तासाभरानं नाकाला काही कळेनासं होतं. वास येत नाही असं वाटतं आणि रात्री उशीवर डोकं टेकलं की केसांतून येतो.

मधमाश्यांचं भय वाटत होतं, ते निराधार निघालं. त्या कामात असतात. विळा शेजारी आला की शेजारच्या तुऱ्यावर सरकतात, इतकंच.

मग दुपारची घंटा झाली.

पश्चिमेकडे ढग भरून आले होते. दोन ओळी उभ्या होत्या आणि हात चालवले असते तर अर्ध्या तासात आडव्या झाल्या असत्या. ओल्या देठांची जुडी बांधली की आतून बुरशी धरते, हे सकाळीच मला सांगून झालं होतं. तरी घंटेसरशी सिस्टरनी विळा टोपलीत ठेवला, हातमोजे काढले आणि त्या चालू लागल्या. अर्धी भरलेली मूठसुद्धा तशीच खाली ठेवली. मी म्हटलं, एवढ्या दोन ओळी उरकून मागाहून येते. त्या नको म्हणाल्या नाहीत. "तुम्ही पाहुण्या, तुम्ही थांबू शकता," म्हणाल्या. हे बोलणं मला लागलं, आणि मी त्यांच्यामागे गेले.

सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि झोपण्यापूर्वी, अशा चार वेळा प्रार्थना. रात्रीच्या प्रार्थनेनंतर सकाळपर्यंत मौन. काकडआरती ते शेजारती हे वेळापत्रक अंगात मुरलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. नवल वाटलं ते त्यांच्या म्हणण्याच्या पद्धतीचं. स्तोत्रं दोन बाजूंनी आळीपाळीनं म्हणतात. एक ओळ या बाजूची, पुढची त्या बाजूची. आणि प्रत्येक ओळीच्या मधोमध थांबतात. चांगल्या एका श्वासाइतकं. कोणी खूण करत नाही, तरी सगळ्या एकदम थांबतात आणि एकदम उचलतात. नवखा माणूस तिथे हमखास पुढे धावतो आणि त्याचा आवाज त्या पोकळीत उघडा पडतो. शेतावर मला जो आकडा जमत नव्हता, त्याचाच हा भाऊबंद. मोजायचं नाही, पण चुकायचंही नाही.

प्रार्थना पाव तासात आटोपली. बाहेर पाऊस सुरू झाला होता. दोन्ही ओळी गेल्या. लगेच काही होत नाही. पण भिजलेली फुलं सुकेपर्यंत फार उमलतात, मग सुकवताना कळ्या गळून पडतात. मी मनातल्या मनात हिशेब मांडत होते की किती जुड्या गेल्या, गुणिले शंभर. सिस्टर सूप वाढत होत्या.

याच कम्युनिटीच्या बायकांनी एकदा याहून फार मोठा हिशेब चुकता केला आहे. १८७३ साली त्या मेम्फिसला मुलींची शाळा काढायला गेल्या आणि त्याच वर्षी तिथे पीतज्वराची साथ आली. तो डासांमुळे पसरतो हे सिद्ध व्हायला १९०० साल उजाडायचं होतं. १८७८ची साथ सर्वांत भयंकर. निम्म्याहून अधिक शहर पळालं. मागे राहिलेल्यांपैकी पाच हजारांच्या वर माणसं मेली. सिस्टर कॉन्स्टन्स आणि सिस्टर थेक्ला तेव्हा सुट्टीवर होत्या, हडसनकाठच्या त्यांच्या मुख्य मठात, न्यूयॉर्क राज्यात. बातमी ऐकून त्या परत निघाल्या. २० ऑगस्टला मेम्फिसला पोचल्या. ९ सप्टेंबरला कॉन्स्टन्स गेल्या. त्यांच्यामागून थेक्ला, रूथ आणि फ्रान्सिस. एका महिन्यात चौघी. एपिस्कोपल चर्च ९ सप्टेंबरला त्यांचं स्मरण करतं आणि मेम्फिसच्या कॅथेड्रलमध्ये वेदीच्या पायऱ्यांवर कॉन्स्टन्सचे शेवटचे शब्द कोरले आहेत.

हे वाचताना माझी पंचाईत होते. आज्ञापालन म्हणजे मान तुकवणं, हे माझं रमाबाईंकडून उचललेलं गणित. पण पळणाऱ्या गर्दीच्या उलट दिशेनं आगगाडीत बसायला नुसती तुकवलेली मान पुरत नाही. उलट, १८९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात हिंडून शेकडो मुलींना घेऊन आलेल्या रमाबाईंना तसा हुकूम कोणी दिला होता? वॉन्टेजला त्यांचं भांडण होतं ते काय मानावं याचं. काय करावं, यावर त्या आणि कॉन्स्टन्स बहुधा एका वाक्यातही भांडल्या नसत्या. जेराल्डीनबाईंना मात्र मी अजूनही माफ केलेलं नाही.

दुपारनंतर पाऊस असल्यानं आम्ही आत, सुकलेल्या जुन्या जुड्या घेऊन बसलो. रबर काढायचं, तुरे दोन्ही तळव्यांत चोळायचे, चाळणीतून कळ्या पाडायच्या. मग पिशव्या भरायच्या आणि विकायच्या. एवढ्यावर मठ चालतो का? देणग्या लागतात, पाहुणे लागतात, फुकट हात लागतात. त्या दिवशीच्या फुकट हातांत मीही होते. नव्या कोणी येतात का, हे विचारायला मला संकोच वाटत होता. उत्तर देताना सिस्टरना वाटला नाही. येतात, राहून बघतात, बऱ्याचशा जातात. आधी काही महिने उमेदवारी, मग नवशिकेपणाची वर्षं, मग काही वर्षांपुरतं व्रत आणि शेवटी जन्माचं. मधल्या कुठल्याही पायरीवरून उतरता येतं. इतक्या वेळा दार उघडं ठेवणारी लग्नसंस्था मला तरी माहीत नाही.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उन्हाळ्याचं वार्तापत्र तयार होत होतं. मठाच्या स्नेह्यांना ऋतूगणिक धाडतात ते. कच्चा मजकूर मला वाचायला दिला. कापणी झाली, कोण कोण मदतीला आलं, ९ सप्टेंबरला अवश्य या, छपराच्या कामासाठी मदत हवी आहे. जिथे जिथे 'सुंदर' आलं होतं तिथे पेन्सिलीची रेघ. दुपारचा पाऊस आणि त्या दोन ओळी मात्र कुठेच नव्हत्या. मी तसं म्हटलं.

"ते देवानं पाहिलंय," सिस्टर म्हणाल्या, "त्याला पत्र कशाला पाठवायचं?" आणि माझ्या हातातली जुडी घेऊन तोलून बघितली.