भाषणाचा श्वास आणि अक्षराची उपपत्ती

भाषणास लागणारा वायू फुप्फुसांतून येतो, हे सर्वश्रुत आहे. परंतु तो किती असतो व त्याचे नियमन कसे होते, हे जाणल्यावाचून अक्षराच्या, म्हणजे उच्चारातील त्या एककाच्या, स्वरूपाचा निर्णय करता येत नाही.

फुप्फुसे आपण होऊन प्रसरण पावत नाहीत. श्वासपटल खाली सरकते, बरगड्या वर उचलल्या जातात, उरोगुहा विस्तारते. आतील दाब वातावरणाच्या दाबाहून किंचित कमी होतो आणि हवा आत शिरते. स्वस्थ उच्छ्वासास मात्र स्नायूंचे श्रम लागत नाहीत. ताणलेली फुप्फुसे स्थितिस्थापकतेमुळेच आकसतात.

या हवेचे पद्धतशीर मापन जॉन हचिन्सन या इंग्रज वैद्याने १८४६ साली प्रसिद्ध केले. त्याच्या श्वासमापकात पाण्यावर पालथे घातलेले पात्र सोडलेल्या श्वासाने वर उचलले जाई. प्रौढ पुरुषाच्या स्वस्थ श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा ये-जा करते. पूर्ण श्वास घेऊन तो शेवटपर्यंत सोडल्यास सुमारे ४,८०० मिलिलिटर हवा बाहेर पडते. हीच जैव धारिता. त्यानंतरही सुमारे १,२०० मिलिलिटर हवा आत उरते. ती कधीच बाहेर येत नसल्यामुळे श्वासमापकाने मोजता येत नाही. म्हणून ज्ञात प्रमाणात हेलियम मिसळलेली हवा बंद यंत्रातून श्वसावयास देतात. हेलियम रक्तात जवळजवळ विरघळत नाही. तेव्हा त्याचे प्रमाण किती घटले, यावरून आतील हवेचे गणित मांडता येते. हंफ्री डेव्हीने १८०० साली हायड्रोजन वापरून हाच मार्ग चोखाळला होता.

स्टेट्सन याने १९२८ साली असे प्रतिपादिले, की प्रत्येक अक्षरामागे छातीच्या स्नायूंचा एक स्वतंत्र आघात असतो. एडिंबरो येथे ड्रेपर, लॅडेफोगेड व व्हिटरिज यांनी याच स्नायूंतील विद्युत्-क्रिया नोंदवून १९५८ व १९५९ साली निष्कर्ष मांडले. दीर्घ श्वासानंतर बोलताना फुप्फुसांच्या आकसण्याचा दाब गरजेहून अधिक असतो. म्हणून श्वास आत घेणारे बाह्य स्नायूच काही काळ कार्यरत राहून त्यास आवर घालतात. हवा घटल्यावर हा दाब अपुरा पडतो आणि मग उच्छ्वासाचे स्नायू पुढे येतात. आघातयुक्त अक्षरापूर्वी त्यांची क्रिया वाढलेली दिसली. परंतु अक्षरागणिक एक आघात, असा नियम आढळला नाही.

सारांश, भाषणात छाती अक्षरे मोजीत नाही. फुप्फुसांतील हवा घटत असताही ती दाब जवळजवळ स्थिर राखते. अक्षराची व्याख्या अन्यत्र शोधली पाहिजे.