जंत तोच, रक्ताचा हिशेब वेगळा

पावसानं जोर धरला की इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या नाशिकच्या भातपट्ट्यात आवणी सुरू होते. वाकून रोपं लावणाऱ्यांत बायाच जास्त, आणि बहुतेकींचे पाय अनवाणी. उघड्यावरच्या शौचानं दूषित झालेल्या मातीत अंकुशकृमीच्या अळ्या असू शकतात. साचलेल्या पाण्यात त्या फार तगत नाहीत. बांधाकडेची ओली, सावलीतली, भुसभुशीत माती त्यांना मानवते. पायाच्या कातडीतून त्या आत शिरतात, रक्तावाटे फुफ्फुसात, तिथून घशात आणि गिळल्या जाऊन आतड्यात पोचतात. मग आतड्याच्या अस्तराला चावून वर्षानुवर्षं रक्त पीत राहतात.

जातीनुसार एक जंत दिवसाला ०.०३ ते ०.२ मिलिलिटर रक्त घालवतो. हे थेंब कुणाच्या शरीरातून जातात, त्यावर पुढचं सारं ठरतं. धडधाकट पुरुषाच्या शरीरात लोहाचा साठा साधारण १००० मिलिग्रॅम, बाईचा ३०० च्या आसपास. त्यात दरमहा पाळी. शिवाय एका गरोदरपणाला सुमारे १००० मिलिग्रॅम लोह लागतं. नवरा-बायकोच्या पोटात सारखेच जंत असले, तरी आधी पांढरीफटक पडते ती बायको. धाप लागते, माती खावीशी वाटते, आणि घरचे म्हणतात, कामाचा शीण आहे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. पुरुषांत तो २१.९ टक्के होता. सगळा दोष जंतांचा नाही. अपुरं जेवण आणि आदिवासी भागातला सिकलसेलही त्यात आहे. पण जंताचा इलाज सर्वांत स्वस्त आहे: अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी.

१८३८ मध्ये मिलानच्या अँजेलो दुबिनी यांना हा जंत प्रथम दिसला तो एका शेतकरी स्त्रीच्या शवविच्छेदनात. पुढे त्याचा बोलबाला झाला तो मात्र बोगद्यात आणि खाणीत राबणाऱ्या पुरुषांचा आजार म्हणून.

आपल्याकडे २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन होतो, पण तो १ ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी. गरोदर बाईला दुसऱ्या तिमाहीत गोळी मिळते. या दोन्हींत न बसणारी, शेतात राबणारी तिशी-चाळिशीची बाई सुटून जाते. जंतांचं प्रमाण जास्त असलेल्या भागात प्रजननक्षम वयाच्या सर्व स्त्रियांना ही गोळी द्यावी, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्येच सांगितलं आहे. गरोदरपणाचे पहिले तीन महिने तेवढे टाळायचे. तेव्हा आवणी उरकली की गावातल्या आशाताईंना विचारा, आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या, आणि गोळी घरातल्या मोठ्या बायांसाठीही मागा.