पावलांची पडताळणी

नैनसिंग रावत यांची गोष्ट बहुधा हेरकथा म्हणून सांगितली जाते. कुमाऊँमधल्या मिलम गावचा हा माणूस सोंग घेऊन तिबेटात शिरला, १०८ ऐवजी १०० मण्यांच्या माळेवर पावलं मोजत राहिला, प्रार्थनाचक्रात मंत्रांऐवजी नोंदींचे कागद दडवले आणि जानेवारी १८६६ मध्ये ल्हासाला पोहोचला. हे सगळं खरं, पण सोंगाने नकाशा होत नाही. या कामाचं मोठेपण चूक पकडण्याच्या पद्धतीत आहे. चढावर पाऊल आखडतं, उतारावर लांबतं, बर्फात तर विचारूच नये. ब्रिटिश सर्वेक्षण अधिकारी मॉन्टगोमेरी यांच्या योजनेत देहरादूनला कितीही सराव झाला, तरी दोन हजार पावलांचा मैल हिमालयात कुठवर टिकणार? म्हणून पेटीच्या चोरकप्प्यात सेक्स्टंट होता. रात्री पारा ओतून त्यातल्या ताऱ्याच्या प्रतिबिंबावरून अक्षांश काढायचा. रस्ता उत्तर-दक्षिण असेल तिथे दोन अक्षांशांतला फरक पावलाची लबाडी उघडी पाडतो. तिबेटातल्या त्सांगपो नदीकाठचा रस्ता पूर्व-पश्चिम, तिथे ही सोय नाही. तिथे दुसरीकडे तपासून घेतलेल्या पावलावरच भिस्त. उंचीसाठी पाणी किती अंशांवर उकळतं ते पाहायचं. सुमारे १,२०० मैलांची, २५ लाख पावलांची ही वाट ३१ ठिकाणच्या अक्षांशांनी अशी बांधून घेतली होती.

याला नकाशा म्हणायचं का, हा आक्षेप रास्त आहे. ती वाटेची रेघ होती. दोन्ही बाजूंचे डोंगर बरेचसे कोरेच राहिले. साम्राज्यासाठी केलेली ही चोरटी मोजणी होती, हेही नाकारता येत नाही. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या १८७७ च्या पदकाने तो हेतू धुऊन निघत नाही. पण हेतू वाईट म्हणून मोजमाप खोटं ठरत नाही, आणि धाडस मोठं म्हणून ते खरंही ठरत नाही. किंथुपचंच पाहा. त्सांगपो हीच ब्रह्मपुत्रा का, हे ठरवायला निघालेल्या या निरक्षर माणसाला सोबतच्या लामाने गुलाम म्हणून विकलं. तरी सुटून त्याने खुणेचे ५०० ओंडके नदीत सोडले. पण त्याचं आगाऊ पत्र पोहोचलंच नाही, त्यामुळे खाली आसामात ते पाहायला कुणी नव्हतं. चार वर्षांच्या त्या हालांना पुरावा म्हणून किंमत उरली नाही. बेली आणि मॉर्सहेड हे ब्रिटिश अधिकारी १९१३ साली त्सांगपोच्या घळीत गेले, तेव्हा त्याच्या बहुतेक सांगण्याला पडताळा मिळाला. फक्त त्सांगपोवरचा १५० फुटी धबधबा सापडला नाही. त्याची तोंडी हकिगत लिहून घेताना दोन वेगळ्या ठिकाणचे धबधबे एकत्र झाले होते.