जुन्या मोटारीचा विमा : हप्ता कुठे वाचवावा, कुठे वाचवू नये



मथळा वाचून काहींना वाटेल, की ऊस विकास अधिकाऱ्याला मोटारीच्या विम्याचे काय पडले आहे? गोष्ट अशी घडली. हंगामाच्या अखेरीस खोडव्याच्या नोंदी घेण्यासाठी आम्ही नाशिक रोडच्या पलीकडे, दारणाकाठच्या एका वस्तीवर गेलो होतो. सभासदांचे नाव येथे देत नाही. सारे त्यांना नाना म्हणतात. नोंदी झाल्या, चहा झाला आणि नाना आम्हाला गोठ्याशेजारच्या पडवीत घेऊन गेले. ताडपत्री ओढली तर आत एक मोटार! दोन माणसांची, उघड्या टपाची, लांब नाकाची, तारांच्या चाकांची. एम.जी. कंपनीची टी.सी. देवळाली कॅम्पातून निघालेल्या एका साहेबाकडून नानांच्या वडिलांनी ती घेतली होती. इंग्लंडात १९४५ ते १९४९ या काळात अशा सुमारे दहा हजार गाड्या तयार झाल्या. इंजिन १२५० सी.सी.चे, आणि पत्र्याच्या आत चक्क लाकडी सांगाडा. तो सांगाडा आपल्याच गावच्या सुताराने दुरुस्त केलेला आम्ही पाहिला.

नाना म्हणाले, "साहेब, उसाचं होईल हो. हिचा विमा कुठं स्वस्तात मिळल तेवढं सांगा. पोरानं रंगवली, इंजिन उतरवून बांधलं. आता रस्त्यावर काढायची म्हणतो."

आम्ही डिप्लोमा घेतला तो शेतीचा, विम्याचा नव्हे. पण सभासदाने विचारले आणि आम्ही माहीत नाही म्हणून उठून आलो, हे बरे दिसले नसते. मग दोन शनिवार नानांच्या मुलाबरोबर बिटको चौकापासून नाशिक शहरापर्यंत विम्याच्या कचेऱ्या पालथ्या घातल्या. जे समजले ते इतरांच्याही उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहोत. साखर आणि मोटार यांचे नाते तसे जुनेच आहे. आपल्या जिल्ह्यात रावळगावचा साखर उद्योग १९३३ साली उभारणारे वालचंद हिराचंद यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट, नाही तर मिलिटरीच्या लिलावातली जीप अजून काही सभासदांच्या वस्तीवर उभी आहे. त्यांनाही हे लागू आहे.

पहिली गोष्ट : ज्याला सूट नाही असा विमा

एका कचेरीत सांगितले, "एवढी जुनी गाडी आम्ही घेत नाही." दुसरीकडे म्हणाले, "थर्ड पार्टी देतो, फुल्ल नाही." नाना वैतागले. "वर्षात चार वेळा काढायची. मुक्तिधामपर्यंत जायचं आन् यायचं. त्याला कशाला विमा?"

येथे आम्ही नानांना थांबवले. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १४६ प्रमाणे सार्वजनिक जागी चालणाऱ्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा लागतोच. तो नसेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी २,००० रुपये आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड आहे. तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. पण दंड ही किरकोळ बाब झाली. खरी भीती कलम १७४ मध्ये आहे. अपघातात कोणी दगावला किंवा जायबंदी झाला आणि न्यायाधिकरणाने भरपाई ठरवली, तर ती रक्कम जिल्हाधिकाऱ्यामार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. म्हणजे पडवीतल्या मोटारीचे प्रकरण थेट सातबाऱ्यापर्यंत पोचते! हे ऐकल्यावर नाना गप्प झाले.

या विम्याचा दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात खाजगी मोटारीला वर्षाला १,००० सी.सी.पर्यंत २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सी.सी.पर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यावर ७,८९७ रुपये असा दर आहे, कर वेगळा. दर बदलत असतात, तेव्हा भरण्यापूर्वी चौकशी करावी. पण एकाच गाडीसाठी या भागाचा दर दोन कचेऱ्यांत निरनिराळा सांगितला, तर काही तरी गफलत आहे असे समजावे. येथे घासाघीस नाही.

दुसरी गोष्ट : किंमत कमी लावू नका

घासाघीस आहे ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात. १ जानेवारी २००७ पासून त्याचे दर कंपन्यांना मोकळे झाले. एका एजंटाने नानांना सांगितले, "गाडीची किंमत साठ हजार लावू, हप्ता अगदी किरकोळ बसेल." नाना खूश झाले. आम्हाला मात्र ते पटेना. मुलाने नुसत्या इंजिनावर त्याहून जास्त खर्च केलेला.

पाच वर्षांपर्यंतच्या गाडीची विमा-किंमत घसाऱ्याच्या ठरलेल्या तक्त्याने निघते. त्यापुढच्या गाडीची किंमत मालक आणि कंपनी यांनी आपसात ठरवायची असते. ती कमी लावली तर हप्ता वाचतो हे खरे. पण दुरुस्तीचा खर्च विमा-किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला, की गाडी पूर्ण निकामी धरली जाते. साठ हजारांच्या गाडीला पंचेचाळीस हजारांवर खर्च आला की संपले! तारांची दोन चाके, एक मडगार्ड आणि रेडिएटर गेला तरी ही वेळ येईल. दुरुस्त होणारी, वडिलांच्या हातची गाडी कागदावर भंगार ठरणार आणि हातात पडणार ते जेमतेम साठ हजार.

आपण ऊस नोंदवताना क्षेत्र कमी लिहिले तर तोडीच्या वेळी काय होते, हे कोणी शिकवायला नको. नोंद कमी, तर तोडीचे नियोजनही कमी. तेथे मागाहून तक्रार चालत नाही, तशी येथेही नाही.

म्हणून आम्ही तीन कामे करून घेतली. गाडीचे चारही बाजूंनी, इंजिनाचे आणि नंबर कोरलेल्या पट्टीचे फोटो काढले. दुरुस्तीची बिले एका फायलीत लावली; सुताराकडूनही पावती लिहून घेतली. परवानाधारक सर्व्हेअरकडून किमतीचा दाखला घेतला. हे सारे अर्जासोबत दिल्यावर एका कंपनीने रास्त किंमत मान्य केली. गाडी तपासायला माणूस आला, कारण विम्यात खंड पडला होता. आणखी एक लक्षात ठेवावे. दहा वर्षांवरच्या गाडीच्या पत्र्याच्या व लोखंडी भागांवर दाव्यात ५० टक्के घसारा कापतात, टायर-ट्यूब-बॅटरीवरही ५० टक्के. निम्मा खर्च आपलाच, हे धरून चालावे.

तिसरी गोष्ट : "व्हिंटेज" या शब्दाचे दोन अर्थ

परदेशात अशा गाड्यांसाठी ठरावीक किमतीची, थोड्या मैलांची खास पॉलिसी सहज मिळते. आपल्याकडे २००२ च्या मोटार टॅरिफने घसारा न कापता ठरलेली किंमत देणारी पॉलिसी फक्त "व्हिंटेज" गाडीला मोकळी ठेवली, आणि व्हिंटेज म्हणजे ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेली व मान्यताप्राप्त क्लबचा दाखला असलेली. नानांची गाडी त्यानंतरची, म्हणून ती यात बसत नाही.

दुसरा अर्थ २०२१ च्या केंद्रीय नियमांतला. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली, मूळ रूपात राखलेली, व्यापारी वापर नसलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, पुढील नूतनीकरण ५,००० रुपये. अशा मोटारीला थर्ड पार्टी हप्त्यात ५० टक्के सवलत आहे.

आता हिशेब करू. ३,४१६ चे निम्मे १,७०८ रुपये वर्षाला वाचतात. दहा वर्षांत १७,०८०. शुल्क २०,०००. शिवाय ही गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, देखभाल अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला बंदी. तेव्हा नुसता हप्ता वाचवायचा म्हणून हे करण्यात हशील नाही. गाडीचा मान म्हणून करायचे असेल तर जरूर करावे.

चौथी गोष्ट : वरात

आम्ही निघता निघता नानांचा पुतण्या म्हणाला, "काका, लग्नसराईत भाड्याने दिली तर हप्ता सुटल की." असे मुळीच करू नये. खाजगी गाडीच्या विम्यात भाड्याचा वापर बसत नाही. नवरदेव गाडीत आणि काही झाले, तर कंपनी हात वर करील आणि पुन्हा तोच सातबारा पुढे येईल. घरच्या लग्नात काढा, पैसे घेऊ नका.

मग हप्ता वाचवायचा कुठे?

एक, मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा. तो माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. नानांच्या दुसऱ्या मोटारीवर तो होता, म्हणून येथे पुन्हा भरला नाही. कचेरीत आपण होऊन कोणी सांगितले नाही, विचारावे लागले.

दोन, लहानसहान नुकसान स्वतः सोसण्याची तयारी लिहून दिली तर सवलत मिळते. जुन्या टॅरिफमध्ये २,५०० रुपयांना २० टक्के आणि १५,००० रुपयांना ३५ टक्के होती, वर कमाल मर्यादा. आता प्रत्येक कंपनीचे प्रमाण वेगळे आहे.

तीन, मान्यताप्राप्त मोटार संघटनेचे सभासदत्व आणि प्रमाणित चोरी-रोधक साधन यांची थोडी सवलत असते.

चार, २०२२ पासून जितकी चालवाल तितका हप्ता, अशा योजनांना विमा नियामकाने परवानगी दिली आहे. जुन्या गाडीला मिळेल का, हे कंपनीला विचारावे. गाडी रस्त्यावर आणायचीच नसेल तर पडवीत उभ्या गाडीचा नुसता आग व चोरीचा विमाही मागता येतो.

पाच, विमा संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण केले नाही तर दावा न केल्याची साठलेली सवलत बुडते. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

या साऱ्याच्या आधी आर.सी. आणि पी.यू.सी. चालू आहे का ते पाहावे. नानांची आर.सी. कधीच संपली होती. पेठ रोडच्या आर.टी.ओ. कचेरीत त्यासाठी चार फेऱ्या झाल्या, मगच विम्याचा अर्ज पुढे सरकला.

पाडव्याच्या सकाळी नानांनी गाडी बाहेर काढली. बाजूला नानी बसल्या होत्या, कागद सीटखाली फायलीत होते. गट कार्यालयासमोर गाडी थांबवून म्हणाले, "साहेब, हप्ता पोरानं सांगितला होता त्याच्या दीडपट बसला. पर झोप लागती."

ज्यांच्याकडे एम.जी. नाही, पण ट्रॅक्टर आहे, त्यांनीही पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी आपली पॉलिसी काढून वाचावी. ट्रॅक्टरबरोबर ट्रॉलीचा विमा आहे का? शेतीकामाची पॉलिसी आहे आणि आपण भाड्याने ऊस वाहतो, असे तर नाही? शंका असल्यास कागद घेऊन गट कार्यालयात यावे. विम्याचे जाणकार आम्ही नाही, पण बसून एकत्र वाचू आणि योग्य कचेरीची वाट दाखवू.