फेटा बांधला, पण ऐकलं का?

परवा आमच्या थोरल्या भाऊजींचा सत्कार झाला. बत्तीस वर्षं फौजेत काढून ते कर्नल म्हणून निवृत्त झाले. फेटा, शाल, श्रीफळ, सगळं रीतसर! पाहुण्यांची भाषणं दीड तास चालली, सत्कारमूर्तींच्या वाट्याला मात्र पाच मिनिटं आली. जाऊबाई कानात पुटपुटल्या, "यांचं ऐकणार कोण गं?"

मला एकदम आपल्या कोल्हापूरचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात आठवले. १९४५ मध्ये ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत त्यांनी डीएसओ हा शौर्यसन्मान मिळवला. १९५३ मध्ये कोरियात युद्धकैद्यांची देखभाल करणाऱ्या भारतीय दलाचं नेतृत्व केलं. पूर्व विभागाचे प्रमुख असताना १९६० मध्ये लखनौला 'लाल किल्ला' नावाचा सराव घेऊन, चीन नेफात चढाई करू शकतो आणि आपली तयारी अपुरी आहे, हे त्यांनी दाखवून दिलं. दिल्लीनं ते मनावर घेतलं नाही. मे १९६१ मध्ये ते निवृत्त झाले. १९६२ मध्ये नको तेच घडलं. मग पंडित नेहरूंनी त्यांना सल्ल्याला बोलावून घेतलं!

त्या रात्री मी भाऊजींपुढे चहा ठेवला नि म्हटलं, "आता तुम्ही बोला." बारा कधी वाजले, कळलंच नाही. कितीतरी गोष्टी जाऊबाईसुद्धा पहिल्यांदाच ऐकत होत्या.

मैत्रिणींनो, तुमच्याही गल्लीत कुणी फौजी निवृत्त होऊन आला असेल. फेटा जरूर बांधा, पण एक संध्याकाळ त्याचं ऐकायलाही ठेवा.