प्रोसेसरची गती : किती ताणावी?

कंपनीने ठरवून दिलेल्या गतीपेक्षा प्रोसेसर जास्त पळवणे, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. त्याचा गुणक ४.५, बस ६६ मेगाहर्ट्झची. बस १०० वर नेली की तोच स्वस्त माल ४५० मेगाहर्ट्झने चाले. दीडपट गती, तीही जवळपास फुकट!

आज तो नफा ग्राहकाला उरलेला नाही. कंपन्याच गती ताणून माल विकतात. २०२३ चा कोअर आय९-१४९००के मूळ १२५ वॅटचा, पण जोरात असताना २५३ वॅटपर्यंत जातो. गती वाढवायची तर व्होल्टेज वाढवावे लागते. व्होल्टेज दहा टक्के वाढले, तर त्याच गतीला वीज सुमारे एकवीस टक्के जादा लागते. शिवाय उष्णता! २०२४ साली इंटेलच्या १३व्या व १४व्या पिढीचे अनेक प्रोसेसर काम करताना अडखळू लागले. जादा व्होल्टेज हे कारण कंपनीने कबूल केले आणि हमी दोन वर्षांनी वाढवली.

म्हणून आम्ही म्हणतो, सिनेबेंचच्या एका फेरीचे गुण पाहून सौदा करू नये. अर्धा तास सतत चालवावे, तापमान पाहावे, मग गुण मोजावेत. ताणून मोजलेले कापड धुतल्यावर आटतेच.