विश्लेषण : त्रस्त मुलांना जंगलात पाठवणारी अमेरिकेतील ‘वाइल्डरनेस थेरपी’ वादात का सापडली?

२ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यूयॉर्कचा १२ वर्षांचा एक मुलगा नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ‘ट्रेल्स कॅरोलायना’ या शिबिरात दाखल झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मृतावस्थेत आढळला. रात्री त्याला पिशवीसारख्या एकट्याच्या तंबूत झोपवले होते. बाहेर पडायचा प्रयत्न केला तर वाजेल असा अलार्म त्या तंबूला होता. श्वास कोंडून मृत्यू झाल्याचे शवविच्छेदनात स्पष्ट झाले आणि मृत्यूच्या प्रकारापुढे ‘होमिसाइड’ अशी नोंद झाली. दुसऱ्या कोणाच्या कृतीमुळे मृत्यू झाला, एवढाच या वैद्यकीय नोंदीचा अर्थ. सरकारी वकिलांनी पुढे फौजदारी खटला भरला नाही. शिबिराचा परवाना मात्र मे २०२४ मध्ये रद्द झाला.

वाइल्डरनेस थेरपी म्हणजे काय?

नैराश्य, व्यसन, शाळा बुडवणे, घरात सतत भांडणे अशा कारणांनी पालक हतबल झाले की किशोरवयीन मुलाला साधारण ८ ते १२ आठवडे जंगलात किंवा वाळवंटात ठेवले जाते. पाठीवर सामान घेऊन रोज चालायचे, स्वतः चूल पेटवायची, ताडपत्रीखाली झोपायचे. मोबाइल नाही, घरी फोन नाही. पत्रे लिहिता येतात, पण ती बहुतेक ठिकाणी कर्मचाऱ्यांच्या हातून जातात. समुपदेशक आठवड्यातून एकदा-दोनदा येऊन भेटतो. कॅम्प म्हटले की आपल्याकडे सह्याद्रीतला सुट्टीतला ट्रेक आठवतो. इथे मात्र मुलाला ‘मला घरी जायचे आहे’ म्हणण्याची सोय नसते.

खर्चही प्रचंड. दिवसाला ५०० डॉलर किंवा त्याहून जास्त आकारणी ही या क्षेत्रात नवलाची बाब नाही.

कल्पना आली कुठून?

मूळ कल्पना वाईट नव्हती. १९४१ मध्ये वेल्समध्ये ‘आउटवर्ड बाउंड’ सुरू झाले, ते तरुण खलाशांना कणखर करण्यासाठी. १९६० च्या दशकाच्या अखेरीस युटातील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात लॅरी डीन ओल्सन यांनी विद्यार्थ्यांना वाळवंटात तग धरायला शिकवणारा अभ्यासक्रम सुरू केला. त्यात मुले आपणहून जात होती. १९८८ मध्ये स्टीव्ह कार्टिसानो यांनी ‘चॅलेंजर फाउंडेशन’ काढून याच कल्पनेचा व्यवसाय केला. ६३ दिवसांचे शिबिर, लष्करी शिस्त आणि मुलाची इच्छा विचारात न घेता प्रवेश. सगळे बिघडले ते या शेवटच्या बदलाने.

मुले तिथे पोहोचतात कशी?

अनेकदा पहाटे किंवा मध्यरात्री. पालकांनी पैसे देऊन बोलावलेली दोन-तीन धिप्पाड माणसे खोलीत शिरतात, मुलाला उठवतात आणि गाडीत बसवतात. या शिबिरांतून गेलेले तरुण याला ‘गूनिंग’ म्हणतात, म्हणजे गुंडांकरवी उचलून नेणे. अनोळखी माणसांनी हेच पालकांच्या सहीशिवाय केले तर ते अपहरण ठरेल. अल्पवयीन मुलाच्या उपचाराबाबत अमेरिकी कायदा पालकांना मोठे अधिकार देतो आणि हा धंदा त्यावरच उभा आहे.

मृत्यू कशामुळे झाले?

जुन्या प्रकरणांत एक धागा पुन्हा पुन्हा दिसतो. मूल त्रास होतोय म्हणून सांगते आणि कर्मचाऱ्यांना ते नाटक वाटते.

मे १९९० मध्ये १५ वर्षांची एक मुलगी पायपिटीत पाणी संपल्याची, डोळ्यांपुढे अंधुक दिसत असल्याची तक्रार करत होती. ती ढोंग करते आहे असे समजले गेले. निर्जलीकरणाने तिचा मृत्यू झाला. पुढच्याच महिन्यात कार्टिसानोंच्या शिबिरात १६ वर्षांची मुलगी उष्माघाताने दगावली. त्या खटल्यातून ते १९९२ मध्ये निर्दोष सुटले. या मृत्यूंनंतर युटाने परवान्याचे नियम आणले. तरीही १९९४ मध्ये त्याच राज्यात १६ वर्षांचा मुलगा गेला. पोटातला अल्सर फुटून संसर्ग पसरला होता. २० पैकी १४ दिवस त्याच्या पोटात अन्न नव्हते आणि रोज आठ ते दहा मैल चालणे सुरूच होते. त्याच्यावरही नाटकाचाच आरोप होता.

हे ‘न ऐकणे’ एखाद्या निर्दयी कर्मचाऱ्यापुरते नाही, ते या पद्धतीतच आहे. मूल खोटे बोलते, सुटकेसाठी काहीही करते, हे गृहीत धरूनच त्याला आणलेले असते. मग खरी पोटदुखी आणि खोटी पोटदुखी वेगळी ओळखायची कोणी? डॉक्टर काही तासांच्या अंतरावर आणि सोबतीला बऱ्याचदा विशीतले, जुजबी प्रशिक्षण मिळालेले मार्गदर्शक.

अमेरिकी संसदेच्या ‘गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस’ या तपास यंत्रणेने ऑक्टोबर २००७ मध्ये अशा १० मृत्यूंचा अभ्यास मांडला. सर्व प्रकारच्या निवासी सुधार कार्यक्रमांत मिळून, केवळ २००५ मध्ये ३३ राज्यांनी १,६१९ कर्मचाऱ्यांचा छळाच्या घटनांशी संबंध असल्याची नोंद केली होती.

मग उपयोग होतच नाही का?

काही मुलांना होतो, असे ती स्वतः आणि त्यांचे पालक सांगतात. अभ्यासांतही सुधारणा दिसते. पण बरेचसे अभ्यास प्रश्नावल्यांवर आधारलेले आहेत, तुलनेसाठी दुसरा गट अनेकदा नसतो आणि संशोधनाला या क्षेत्रातल्याच संस्थांचा आधार आहे. शिबिरातून सुटायचे असेल तर ‘बरे वाटते’ लिहिणे शहाणपणाचे, हे १५ वर्षांच्या मुलाला कळत नाही असे थोडेच आहे?

नॉर्वेतील क्रिस्तियनसांड येथील सॉरलांडेट रुग्णालयही किशोरांना निसर्गात नेऊन उपचार करते. तिथे मुले आपल्या मर्जीने येतात, घरी राहूनच सहलींना जातात आणि रुग्णालयाचे तज्ज्ञ सोबत असतात. म्हणजे जंगलावर आक्षेप घेण्याचे कारण नाही.

कायद्याने काय बदलले?

२००८ आणि २००९ मध्ये प्रतिनिधिगृहाने मंजूर केलेली विधेयके सिनेटमध्ये अडकली. २०२० मध्ये पॅरिस हिल्टनने युटातील निवासी शाळेतल्या छळाचे अनुभव माहितीपटात सांगितल्यावर हालचाल वाढली. २०२१ मध्ये युटाने नियम कडक केले. डिसेंबर २०२४ मध्ये ‘स्टॉप इन्स्टिट्यूशनल चाइल्ड अब्यूज अ‍ॅक्ट’ दोन्ही सभागृहांत मंजूर झाला आणि अध्यक्ष बायडेन यांनी त्यावर सही केली.

मात्र या कायद्याने एकही शिबिर बंद होत नाही आणि रात्री मुलाला उचलून नेण्यावर देशव्यापी बंदीही येत नाही. राष्ट्रीय विज्ञान अकादमीने या संस्थांचा अभ्यास करून वेळोवेळी अहवाल द्यावेत, एवढीच त्यातली मुख्य तरतूद आहे. परवाने, तपासणी आणि शिक्षा हा विषय अजूनही प्रत्येक राज्याच्या हातात आहे.